शोभेचं गवत की औषधी झाड? माझं मत गवताला, या भांडायला

आळशी_माळी
तर विषय असा आहे की भिंतीलगत चार बाय दहा फुटांची पट्टी, दिवसभर ऊन. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या पट्टीत मी जांभळं फाउंटन ग्रास लावलं आणि अर्ध्यात बायकोने अश्वगंधा, तह झाला असं समजा. दोन्हीचा अनुभव घेऊन झालाय म्हणून स्पष्ट बोलतो. घरच्या बागेत औषधी झाडं लावणं हे बहुतेक वेळा फक्त मनाचं समाधान असतं. "काहीतरी उपयोगाचं लावलंय" असं आल्यागेल्याला सांगता येतं, बस.

गवताचं बघा. तीनेक फुटांचा ठोंब, वाकलेली गर्द जांभळट पानं, वर कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे. संध्याकाळचं तिरकं ऊन मागून आलं की तुऱ्याचा एकेक केस पेटल्यासारखा दिसतो आणि मी रोज त्या वेळेला तिथे जाऊन उभा राहतो, कुणी हसलं तरी. मुळं धरली की पाण्याची फार मिजास नाही, खत तर मी दिलेलंच नाहीये.

आणि अश्वगंधा? मळकट हिरवं झुडूप. वांग्या-टोमॅटोच्या खानदानातली, त्यामुळे ते अठ्ठावीस ठिपक्यांचे किडे आले आणि पानांची नुसती जाळी करून ठेवली, खालून बघितलं तर पानातून आभाळ दिसायचं. फळं मात्र देखणी हां, कागदी कंदिलात लाल मणी ठेवल्यासारखी, तेवढं मान्य. पण औषध असतं ते मुळांमध्ये! म्हणजे पाच-सहा महिने वाढवायचं आणि नीट भरलं की उपटायचं. आम्ही उपटलं. बोटाएवढी मुळं निघाली, घोड्याचा वास येतो म्हणतात तो खरंच येतो. धुतली, वाळवली, डब्यात भरली, आणि डबा अजून फडताळात आहे तसाच. कारण किती घ्यायचं, कशातून घ्यायचं, कुणी घ्यायचंच नाही, हे घरात एकालाही माहीत नाही.

बोला आता.

मुळाखाली_ओल
नाव शोभतं तुम्हाला! डबा उघडला नाही यात अश्वगंधेची काय चूक?

तुमच्या लाडक्या गवताचा दाखला मी काढते. फाउंटन ग्रास मूळचं उत्तर आणि पूर्व आफ्रिका, पश्चिम आशिया या कोरड्या पट्ट्यातलं. शोभेसाठी म्हणून जगभर नेलं आणि आता युरोपीय संघाने २०१७ मध्ये ते उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत टाकलंय, तिथे ते विकायचं नाही, वाढवायचं नाही. हवाईत तर त्याने कोरड्या जंगलांची वाट लावली. सुकलेलं गवत भराभर पेटतं, आग लागली की आजूबाजूची मूळची झाडं मरतात आणि हे पठ्ठं बुडख्यातून परत फुटतं, म्हणजे दर आगीला याचंच राज्य वाढतं. एका तुऱ्यात किती बी असतं आणि वाऱ्यावर कुठवर जातं याचा हिशोब तिरक्या उन्हात उभं राहून लागत नाही साहेब.

शिवाय गवताला परागीभवन वाऱ्याने, म्हणजे मध नाही. मधमाशी तुमच्या त्या पेटलेल्या तुऱ्याकडे ढुंकून बघणार नाही.

आळशी_माळी
अर्धं बरोबर, अर्धं दुसऱ्याच गवताचं पाप माझ्या गवताच्या माथी. तुम्ही सांगताय ते हिरवं, पेनिसेटम सेटेशियम, ज्याला आता सेन्क्रस म्हणतात. माझं जांभळं 'रुब्रम' आहे, ते संकरित धरतात आणि त्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. ठोंब फोडूनच वाढवावं लागतं. दोन वर्षांत एकही रोप पट्टीबाहेर आलेलं नाही.

आणि मध नाही म्हणजे जीवजंतू नाहीत असं नाही हो. कितीतरी फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात. पक्षी तुरे ओढून घरट्याला नेतात, मी समोर बसून बघितलंय, एक चिमणी स्वतःपेक्षा लांब तुरा घेऊन उडायचा प्रयत्न करत होती, तीनदा पडली, चौथ्यांदा नेलाच.

खुरपं_हरवलं
चिमणी गोड आहे पण मुद्दा राहिला बाजूला. मी दोन्ही लावून बसलोय म्हणून सांगतो, "गवताला काही करावं लागत नाही" ही पहिल्या दोन-तीन वर्षांची गोष्ट असते. नंतर ठोंब मधून मरायला लागतो, कडेला हिरवं आणि मध्ये टक्कल. मग तो खणून फोडावा लागतो. माझा ठोंब कुदळीला दाद देईना, शेवटी लाकूड कापायची करवत आणली, अर्धा दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही हातांवर बारीक बारीक चिरा, पानाची कड कागदासारखी कापते हे तेव्हा कळलं, साबण लागला की शिव्या तोंडात. दर वर्षी सुकलेलं कापायचं काम वेगळंच. (कापण्याआधी कमरेला दोरीने घट्ट बांधा आणि मग खालून कापा, पेंढीसारखं एका हातात येतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अंगणभर काड्या वेचल्या नसत्या.)

आणि दुसरं, तुम्ही औषधी वनस्पतीच्या बाजूने उमेदवारच चुकीचा उभा केलात. मूळ काढायचं झाड घेतलं की झाड जाणारच की! अडुळसा लावा ना. पानं तोडली तरी झाड जागच्या जागी, पांढरी फुलं आली की मोठाले काळे भुंगे दिवसभर घुं घुं करतात आणि गुरंसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. कफाच्या औषधांत ब्रोमहेक्सिन असतं ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच बेतलेलं आहे. ह्याला तुम्ही मनाचं समाधान म्हणणार?

आळशी_माळी
टक्कलाचा मुद्दा घेतला. माझ्या एका ठोंबाला सुरुवात झालीये, लिहायची लाज वाटत होती.

ठिपक्यांचा_भुंगा
(नाव बघून शिव्या देऊ नका, अश्वगंधा मी खाल्लेली नाही.)

खुरपं यांच्या ब्रोमहेक्सिनवर जरा थांबूया, कारण नेमकी इथेच गल्लत होते. झाडातून औषध निघालं म्हणजे ते झाड घरचा दवाखाना झालं असं नाही. सदाफुली घ्या, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं तिच्यापासून मिळाली, पण टनावारी सुकलेल्या पाल्यातून ग्रॅममध्ये मोजावं इतकंच निघतं आणि ते शिरेतून, मोजून, दवाखान्यातच देतात. म्हणून कुंपणाजवळची पानं चावायची का? लोक चावतात, हाच प्रॉब्लेम आहे.

अश्वगंधेचंही तेच. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घाला, पण यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना जपायला सांगतात, गरोदरपणी तर नकोच. आळशी माळींनी डबा उघडला नाही ते एका अर्थी शहाणपणच झालं.

मुळाखाली_ओल
अहो पण खायला कोण सांगतंय? सगळे धरूनच चाललेत की औषधी झाड म्हणजे उद्यापासून काढा. मी ओळख राहावी म्हणून लावते. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्याच वनस्पती चालतात हे किती जणांना माहितीये? एक खरी जलब्राह्मी, बकोपा, जाडसर इवलीशी पानं आणि फिकट फुलं. दुसरी मंडूकपर्णी, लांब देठावर किडनीच्या आकाराचं पान. मी दोन्ही शेजारी शेजारी लावल्या तेव्हा कुठे फरक डोक्यात बसला, पुस्तकातल्या चित्रावरून दहा वर्षं चुकत होते. हे गवताचा तुरा शिकवेल का?

मधला_मार्ग
भांडता कशाला, वेखंड लावा! दिसायला गवत, पानं तलवारीसारखी, आणि औषधी पण. दोघांचंही समाधान.

खुरपं_हरवलं
वेखंडाला पाय चिखलात लागतात, दिवसभर उन्हाच्या कोरड्या पट्टीत आठवड्यात काडी होईल.

ठिपक्यांचा_भुंगा
आणि परत तेच. वेखंडात बीटा-ॲसॅरोन नावाचं घातक द्रव्य असतं, अमेरिकेने १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला मनाई केलीये. मधला मार्ग दरवेळी सुरक्षित असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

त्यापेक्षा वाळा म्हणा, तेही गवत आहे आणि त्याला कोरडं ऊन चालतं. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, माती धरून ठेवायला म्हणून मुद्दाम बांधावर लावतात. फक्त सुगंध मुळांमध्ये आहे, म्हणजे परत खणणं आलंच. आणि दिसायला, खरं सांगायचं तर, विस्कटलेलं डोकं.

आळशी_माळी
विस्कटलेलं डोकं घरात आधीच एक आहे, माझं.

थोडक्यात मी अजून गवताच्या बाजूनेच आहे पण कारण बदलतो. रोज संध्याकाळी मी गवताजवळ जातो, अश्वगंधेजवळ गेलो तो फक्त किडे वेचायला. ज्या झाडाजवळ माणूस रोज जातो त्याचं काही बिघडलं तर लगेच कळतं, बाकी उपयोग बिपयोग नंतर. अडुळशाचा विचार करतोय, पण तो सहा-आठ फूट जातो आणि माझा सगळा उजेड खाईल.

मुळाखाली_ओल
छाटा की मग. आणि ते "बी धरत नाही" मी अजून मानलेलं नाही, जांभळं म्हणून घेतलेलं नेमकं रुब्रमच कशावरून? पक्के सुकलेले चार तुरे एका कुंडीत चुरडून टाका, पाणी देत राहा, दोन महिने बघा. उगवलं तर?

आळशी_माळी
आत्ताच टाकले, कुंडीवर तारीख पण लिहिली. पुरेसं ऊन देईन, चीटिंग नाही. चार रोपं जरी आली तरी सगळे ठोंब स्वतःच्या हाताने उपटतो, करवत खुरपं यांची.

आता तुम्ही सांगा, प्रामाणिकपणे. तुमच्या बागेतल्या अश्वगंधेचं मूळ शेवटचं वापरलं कधी?

मुळाखाली_ओल
एकदाही नाही. उपटवतच नाही. कंदील सुकले की बी काढून ठेवते, मागेल त्याला देते.