बेसिन : खोरे, द्रोणी की आणखी काही?

विचारणारी : एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. ‘मुंबई ऑफशोअर बेसिन’पाशी अडले, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्राखालचा तो गाळाने भरलेला, खचलेला भाग. कुणी ‘मुंबईचं सागरी खोरं’ सुचवलं. कानाला बरं वाटतं, चालेल का?

भूगोलवाला : खोरं नको. गोदावरीचं खोरं म्हणजे जिथलं पाणी गोदावरीला मिळतं तो सगळा मुलूख. इथे नदीचा संबंध नाही, तळच खचलाय. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून फुटून निघाला. त्या ओढाताणीत इथलं कवच ताणलं गेलं, प्रस्तरभंग पडले (खडक तुटून सरकले), काही पट्टे खाली बसले, काही वर राहिले. ‘मुंबई हाय’ हा असाच वर राहिलेला उंचवटा. (‘हाय’ म्हणजे भरसमुद्र असं मीही बरीच वर्षं समजत होतो.) पुस्तकी मराठीत बेसिनला द्रोणी म्हणतात, ती घ्या.

विचारणारी : आणि ‘सेडिमेंटरी बेसिन’मधलं सेडिमेंटरी? ‘अवसादी’ दिसलं एके ठिकाणी.

भूगोलवाला : अवसाद म्हणजे खिन्नता. उदास द्रोणी करायची असेल तर खुशाल घ्या. सरळ ‘गाळाची’ म्हणा.

तेलवाला : आम्ही समुद्रावर दिवसभर बेसिनच म्हणायचो. द्रोणीला विरोध नाही, पण तिने एक गैरसमज होतो. द्रोण आधी लावतात, आमटी मग वाढतात. इथे तळ खचत होता आणि भरतही होता. मुंबई हायवर 1974 साली तेल लागलं. ते ज्यात आहे तो मुख्य चुनखडक उथळ, उबदार समुद्रात साचलेला. आज तिथे पाणी जेमतेम 75 मीटर, खडक मात्र 1300 मीटरच्याही खाली. खचणं थांबलं असतं तर तो एवढा खाली गेलाच नसता. आधी ताण, मग तापलेलं कवच थंड होऊन बसणं, वर गाळाचं ओझं. मांडवाच्या कापडाला झोळ पडतो, त्यात पावसाचं पाणी साचतं, त्या वजनाने झोळ आणखी उतरतो, तसं. मला विचाराल तर ‘झोळ’च चपखल.

विचारणारी : झोळ आवडला, तेलवाले! पण निवेदकाच्या तोंडून ‘मुंबईचा झोल’ ऐकू येईल आणि लोक घोटाळा शोधत बसतील. ‘गाळाची सागरी द्रोणी’ ठेवते, मांडवाचं उदाहरण मात्र तुमचं घेते.

तेलवाला : घ्या की. फक्त पाणी साचलेला मांडव दाखवा, कोरडा नको.