ओट्यावरचं कपाट भिंत सोडतंय

बी-७०२: मंडळी, ओट्यावरचं कपाट वरून भिंतीपासून सुटलंय. फटीत करंगळी जाते! बसवून जेमतेम आठ महिने झालेत. चांगला सुतार सांगा कोणीतरी.

बी-३०१: काकू, सुतार मग. आधी डबे उतरवा, सगळे. खालून टेकू द्या आणि तोवर गॅस लावू नका.

बी-७०२: उतरवतेच आहे. पिठाचा डबा, डाळी, वर मोठा कुकर...

ए-१०४: कुकर वर? 😄

बी-३०१: कपाट बेडरूमकडच्या भिंतीवर आहे ना? ती ४ इंची सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची. साधी गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती) तिच्यात धरत नाही. त्यात सुतार ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर मोड लावून भोक पाडतात, मग ८ एमएमचं भोक ढिलं होतं. सिपोरेक्सला हॅमर बंद ठेवून नुसतं ड्रिल फिरवायचं. आत बघा, स्क्रू हाताने फिरतोय का?

बी-७०२: अगं बाई, चिमटीने फिरतोय! पांढरा भुसा पडतोय.

बी-३०१: मग गिट्टीच सुटलीय. सिपोरेक्सची लांब नायलॉनची गिट्टी वेगळी मिळते. मी मात्र आरपार बोल्ट घालून बेडरूमकडून लोखंडी पट्टी दिली. दिसायला वाईट, पण वॉर्डरोबमागे कोण बघतंय? आणि स्क्रू मागच्या पातळ प्लायमधून नको, वरच्या जाड आडव्या पट्टीतूनच हवा.

ए-१०४: आमचं पडलं नाही, पण तिरकं आहे. सुताराने ओट्यापासून माप घेतलं.

सी-५०२: ओट्याला सिंककडे उतार असतो, तोच उतार कपाटात आला. साइटवर आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायचो. नळीत बुडबुडा राहिला की लेव्हल चुकली. दोन्ही टोकांच्या खुणा जोडून रेघ मारा, रेघेखाली तात्पुरती लाकडी पट्टी ठोका आणि कपाट तिच्यावर टेकवा. नाहीतर दोघं कपाट धरून उभे आणि तिसरा ओरडतोय, ‘थोडं वर, थोडं वर!’ भिंतीला पोट असेल तर मागे पॅकिंग द्या. स्क्रू आवळून कपाट भिंतीला ओढलंत तर खोका पिळतो, मग शटर जुळत नाही.

ए-१०४: काका, पण टाइल्सची रेघच तिरकी असेल तर?

सी-५०२: कपाट पाण्याच्या लेव्हललाच. टाइल्सवाल्याची चूक कपाटाने का भोगायची?

बी-७०२: सगळं उतरवलं. काट्यावर ४३ किलो! आणि स्क्रू मोजून चार.

बी-३०१: रविवारी ड्रिल घेऊन येतो काकू. भिंतीतली वायर कुठून गेलीय तेवढं काकांना विचारून ठेवा.

ए-१०४: दुपारी २ ते ४ ड्रिल नको हं, बाळ झोपतं.