मदत हवी आहे: बटरक्रीमच्या गुलाबाच्या कडा फाटतात

पायपिंग (बॅगच्या टोकाला नोझल लावून क्रीमची नक्षी काढणं) नुकतंच सुरू केलंय. १एम नोझलने रोझेट (गोल फिरवून काढलेलं गुलाबासारखं फूल) आणि २डीने छोटी फुलं व्यवस्थित येतात (ती तशी कोणालाही जमतात!). गाडी अडलीय ती १०४ नंबरच्या, पाकळ्यांच्या नोझलने फ्लॉवर नेलवर (बोटांत फिरवायचा चपट्या डोक्याचा खिळा) काढायच्या गुलाबापाशी. मधली कळी छान उभी राहते, बाहेरच्या पाकळ्यांची कड मात्र करवतीसारखी दातेरी निघते. नोझलचं रुंद टोक खाली, अरुंद वर असंच धरते. अरुंद टोक चिमटलेलं नाही, तेही पाहिलं.

क्रीममध्ये वजनाने १ भाग बिनमिठाचं बटर, २ भाग आयसिंग शुगर, बारीक चाळलेली. चमचाभर दूध घातलं की कड गुळगुळीत येते, पण पाकळी लगेच मान टाकते. बॅग अर्धीच भरून, मधूनमधून फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. पहिल्या दोन-तीन पाकळ्या बऱ्या, मग हाताच्या उबेने पुन्हा तेच.

अंडं चालणार नाही, त्यामुळे मेरिंग (फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं) बटरक्रीम सुचवू नका. व्हिप्ड क्रीमही नको, फुलं आदल्या दिवशी काढून फ्रीझ करायची आहेत.

तर दूध न वाढवता नेमकं काय बदलू: थोड्या बटरऐवजी शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) घालू, बॅगवरचा दाब वाढवू, की नेल हळू फिरवू?