हळदीच्या अर्काचा झोन येत नाही: पद्धत बदलावी की वनस्पती?

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हळदीच्या इथेनॉल अर्काची जीवाणूरोधक क्षमता तपासते आहे. अर्काभोवती जीवाणू न वाढलेली स्वच्छ जागा, म्हणजे झोन, येतो का ते बघते. जीवाणू दोन, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय. म्युलर-हिंटन अगार (जीवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम), ०.५ मॅकफारलंडशी (जीवाणूंच्या दाटपणाचं प्रमाण) जुळवलेलं कल्चर, अर्क घालायला अगारात पाडलेल्या ६ मिमीच्या वेल (खळगे), रात्रभर इनक्युबेशन.

अर्काचा पिवळा रंग वेलच्या काठालाच चिकटून राहतो, पुढे सरकतच नाही. स्टॅफच्या प्लेटवर त्या पिवळ्या कडेलगत जेमतेम दिसेल एवढी स्वच्छ रेघ येते आणि तिथून लगेच दाट थर सुरू होतो. ई. कोलायवर तेवढंही नाही. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कभोवती दोन्हीकडे छान गोल झोन येतो, म्हणजे प्लेट आणि कल्चर ठीक आहेत. अर्क सुकवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवलाय. नुसत्या डीएमएसओच्या वेलभोवती काही येत नाही.

गाईड म्हणतात, झोन नाही तर वनस्पती बदल. मला ते मनापासून पटत नाही. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अगारात बहुतेक पाणीच असतं, मग ते पसरणार कसं? ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी तीव्रता, काढावी म्हणते, पण अर्क टाकताच ब्रॉथ पिवळा, गढूळ होतो. जीवाणू वाढले की नाही हे ओळखायचं कसं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

वनस्पती बदलू नका, तुमची शंका रास्त आहे. घटक अगारात किती पसरतो यावरही झोन ठरतो. ई. कोलाय ग्राम-निगेटिव्ह, त्याला बाहेरचं जादा पटल असतं, त्यामुळे तिथे कमी परिणाम दिसणं नवल नाही.

९६ वेलच्या प्लेटमध्ये दुपटीने डायल्यूशन करा, म्हणजे प्रत्येक पुढच्या वेलमध्ये अर्काची तीव्रता निम्मी. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखाच, शेवटी १ टक्क्याच्या आत. इनक्युबेशननंतर रेझाझुरिन हा निळा रंग घाला, जिवंत जीवाणू निळ्याचं गुलाबी करतात. मात्र वनस्पतीच्या अर्कातले घटक कधीकधी स्वतःच हा रंग बदलतात, म्हणून प्रत्येक तीव्रतेला जीवाणू न घातलेली एक वेल ठेवाच. ही वेल नसेल तर निकालावर विसंबू नका. रंगाबद्दल शंका उरलीच तर वेलमधला थेंब साध्या अगारवर टाका. कॉलनी आल्या तर जीवाणू मेलेले नाहीत, फार तर वाढ रोखली गेली असेल.

प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा, कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. आणि वेलमध्ये अर्क किती मिलिग्रॅम प्रति मिली घातलाय? त्यावरून सुरुवातीची तीव्रता सुचवता येईल.