शहराची ऑलिंपियाला न्यायची यादी: बोलायला तीन मिनिटं मिळणार, काय बोलू?

रेनकोट:

वॉशिंग्टन राज्यातलं कोणी आहे का इथे? (डीसी नव्हे, आमचं पावसाळी वॉशिंग्टन.)

मी सिअॅटलच्या पूर्वेला एका मध्यम आकाराच्या शहरात राहते, चौदा वर्षं झाली. आजवर सिटी कौन्सिलशी माझा संबंध कचऱ्याच्या बिलात घोळ झाला की फोन करण्यापुरताच. गेल्या मंगळवारी मात्र मीटिंगला जाऊन बसले. निमित्त लेकीच्या शाळेचा रस्ता. शेवटच्या वळणापासून शाळेच्या फाटकापर्यंत फूटपाथच नाही. एका बाजूला पाण्याचा चर, दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी रेघ. डिसेंबरात पावणेआठपर्यंत नीट उजाडतही नाही. पोरं त्या रेघेवरून एकामागे एक चालतात आणि मागून आम्ही आया टॉर्च धरून.

तर उत्तर मिळालं की शहराकडे पैसे नाहीत, राज्याकडे, म्हणजे राजधानी ऑलिंपियाला जाऊन, मागणार आहोत. त्यासाठी 'स्टेट लेजिस्लेटिव्ह अजेंडा' नावाचा मसुदा आहे, म्हणजे राज्याच्या आमदारांकडे करायच्या मागण्यांची यादी, ती शहराचा लॉबिस्ट तिकडे मांडतो. घरी येऊन तो डाउनलोड केला. सात पानं, २३ मुद्दे. आमचा फूटपाथ सतराव्या नंबरला, आणि तोही कसा? 'पादचारी सुरक्षेसाठी निधीवाढीस पाठिंबा.' रस्त्याचं नाव नाही, शाळेचं नाही, आकडा नाही. लग्नाच्या निमंत्रणात 'आपले सर्व आप्तेष्ट' लिहितात ना, तसं.

आता माझे प्रश्न. आमदार आम्हीच निवडून दिलेले, कौन्सिलही आम्हीच. मग आमच्याच आमदारांना आमचं म्हणणं कळवायला आमच्याच टॅक्समधून लॉबिस्ट, म्हणजे शहराची बाजू मांडणारा पगारी माणूस, कशाला? हे कायदेशीर तरी आहे का? दुसरं, पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'प्रॉपर्टी टॅक्सची १ टक्क्याची मर्यादा उठवा' आहे. म्हणजे शहर राज्याला सांगतंय की आमच्या लोकांकडून जास्त पैसे घ्यायची परवानगी द्या? आणि तिसरं, पुढच्या मीटिंगमध्ये सार्वजनिक टिप्पणीला तीन मिनिटं मिळतात. मी काय बोलू?

जुनीफाइल:

ताई, याच राज्यातल्या एका दुसऱ्या शहराच्या फायनान्स खात्यात अकरा वर्षं काढली. अशा याद्या टाइप केल्यात, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

लॉबिंग कायदेशीर आहे. शहराने आपल्या कामकाजाबद्दल आमदारांशी बोलणं चालतं, फक्त त्या खर्चाचा हिशेब राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे दर तिमाहीला द्यावा लागतो. एल-५ नावाचा फॉर्म असतो. तुमच्या शहराचा तिथे बघता येईल, बघाच. मात्र एक गोष्ट शहराला करता येत नाही: सरकारी पैशाने पत्रकं काढून 'आमदारांना फोन करा' असं नागरिकांना सांगणं. ते काम तुम्हीच करू शकता. म्हणून तुमची किंमत तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.

लॉबिस्ट का? राज्याच्या विधिमंडळात दोन सभागृहं: हाउसमध्ये ९८ आमदार, सिनेटमध्ये ४९. तुमच्या वाट्याला एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी, बस. २८१ शहरं-गावं आहेत राज्यात, प्रत्येकाची यादी वेगळी. विषम वर्षी सेशन १०५ दिवसांचं, सम वर्षी ६०. विधेयकं डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासूनच दाखल होऊ लागतात. त्यात कमिट्यांच्या कटऑफ तारखा, ती तारीख हुकली की विधेयक बहुतेक मेलंच. त्या गर्दीत रोज उठून कोण कुठल्या खोलीत बसलंय हे बघणारा माणूस लागतो. सिटी मॅनेजर गाव सोडून तिकडे महिनाभर राहू शकत नाही.

आता १ टक्का. यात लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण या राज्यात १ टक्के दोन आहेत. एक घटनेतला: नियमित प्रॉपर्टी टॅक्स सगळे मिळून मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्यावर जाता कामा नयेत. त्याच्याशी तुमच्या यादीचा संबंध नाही. दुसरा वाढीचा: शहराला मतदारांना न विचारता एकूण वसुली वर्षाला १ टक्क्यानेच वाढवता येते, नव्या बांधकामाची भर सोडून. हा २००१ साली आय-७४७ या इनिशिएटिव्हने, म्हणजे नागरिकांनीच मांडलेल्या प्रस्तावाने, लोकांनीच मतदानाने आणला. नोव्हेंबर २००७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, आणि त्याच महिन्यात खास अधिवेशन बोलावून विधिमंडळाने जसाच्या तसा परत लागू केला. यावरून ओळखा, याला हात लावायला आमदार किती घाबरतात. २०२४ मध्ये ३ टक्के करायचं विधेयक आलं होतं, एसबी (सिनेट बिल) ५७७०. तेही पुढे सरकलं नाही.

तरी शहरं दरवर्षी का मागतात? कारण पगार, विमा, डांबर यांतलं काहीच १ टक्क्याने वाढत नाही. आम्ही बजेटला बसायचो तेव्हा मर्यादा अशी जाणवायची की दर वर्षी कपडे तेच आणि पोर वाढतंय. मागणी चूक नाही. पण ती पहिल्या पानावर ठेवण्यात शहाणपणा आहे का, हा वेगळा प्रश्न.

माझ्या मते अशा यादीत तीन जातीच्या गोष्टी असतात आणि शहरं त्या एका दोरीत ओवतात. पैसे द्या. परवानगी द्या. आणि आमच्यात लुडबुड करू नका. टॅक्स लावायचा तर शहराला राज्याची स्पष्ट परवानगी लागते, म्हणून दुसरी जात. २०२५ मधला एचबी (हाउस बिल) क्रमांक २०१५ त्याचंच उदाहरण: अटी पाळणाऱ्या शहरांना पोलीस आणि न्यायव्यवस्थेसाठी ०.१ टक्का सेल्स टॅक्स मतदानाशिवाय, कौन्सिलच्या ठरावाने लावता येतो. राज्याच्या तिजोरीला तो टॅक्स फुकट पडतो, म्हणून परवानग्या तुलनेने लवकर मिळतात.

पैशाचं उलटं. तिथे 'पाठिंबा' हा शब्द म्हणजे कचराकुंडी. आमदार तीनच गोष्टी विचारतो: नेमकं काय, किती, आणि शहर स्वतः किती घालणार. तुमच्या सतराव्या मुद्द्यात तिन्ही नाहीत.

एक बारीक गोष्ट. राज्याची बजेटं तीन असतात: ऑपरेटिंग, कॅपिटल, ट्रान्सपोर्टेशन. तुमचा फूटपाथ मसुद्यात कुठल्या बजेटखाली लिहिलाय ते बघा. चुकीच्या दारात उभी राहिलेली मागणी कोणी नाकारत नाही, नुसती तिथेच उभी राहते.

चारखणी:

जुनीफाइल यांचं बरंचसं पटलं, पण तिसऱ्या जातीबद्दल ते फारच सौम्य बोलले. 'लोकल कंट्रोल राखा' हे वाक्य तुमच्याही यादीत असणार, ताई. आहे ना? ते कशासाठी असतं ते ऐका.

२०२३ मध्ये एचबी १११० आला. ७५,००० हून मोठ्या शहरांत घरासाठीच्या बहुतेक प्लॉटवर चार घरं बांधू द्यावीच लागतील, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपजवळ सहा. मी तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत, बायको गरोदर, आणि आमच्याच शहराचा लॉबिस्ट आमच्याच टॅक्सवर जाऊन सांगतोय की राज्याने यात पडू नये, शहराचं शहर बघेल. पन्नास वर्षं बघितलंच की! त्यामुळे शहराची यादी म्हणजे शहरातल्या सगळ्यांची यादी, असं समजू नका. ती त्या दिवशी खोलीत जे आले त्यांची यादी असते. आणि खोलीत येतात ते घरमालक, साठीच्या पुढचे, ज्यांना मंगळवारी संध्याकाळी मोकळा वेळ असतो.

जुनीफाइल:

चारखणी, रास्त आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. राज्य हुकूम सोडतं आणि बिल शहराला येतं. सार्वजनिक वकिलांचंच घ्या, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींना सरकारी खर्चाने मिळणारे. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या आदेशाने एका वकिलाकडे किती केसेस असाव्यात ही मर्यादा खूप खाली आणली, किरकोळ गुन्ह्यांसाठी वर्षाला १२०, दहा वर्षांच्या टप्प्याने. आरोपीच्या दृष्टीने उत्तम. पण किरकोळ गुन्हे शहरांच्या अंगावर असतात, आणि ते जादा वकील कुठल्या पैशातून? 'लुडबुड नको' यात हेही येतं. चार घरांचा विरोध आणि वकिलांचं बिल एकाच वाक्यात कोंबतात, हा खरा दोष.

गोगलगाय:

तीन मिनिटं म्हणजे साधारण साडेतीनशे शब्द, मराठी माणसाला इंग्रजीत बोलताना तीनशेच. घड्याळ लावून घरी वाचा. पहिल्या वाक्यात रस्त्याचं नाव.

आणि जानेवारीत विधेयक कमिटीला आलं की विधिमंडळाच्या साइटवर सुनावणी सुरू होण्याच्या तासभर आधीपर्यंत बाजूने किंवा विरोधात नोंद करता येते, झूमवरून बोलताही येतं. मी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून बोललोय. नव्वद सेकंदांत घसा कोरडा पडला, पण बोललो.

रेनकोट:

सगळ्यांचे आभार. रविवारी मसुदा पेन घेऊन पुन्हा वाचला. चारखणी, 'लोकल कंट्रोल' आहे, चौथ्या नंबरला. त्याबद्दल मी काही बोलले नाही, कारण माझं घर आहे आणि माझ्या मनात अजून नक्की नाही. प्रामाणिकपणे सांगते.

जुनीफाइल, फूटपाथ कॅपिटलखाली होता! म्हणून आधी ईमेल केली. शहराच्या इंटरगव्हर्नमेंटल अफेअर्सच्या (राज्याशी संपर्क ठेवणाऱ्या खात्याच्या) बाईंचं उत्तर आलं की हो, ट्रान्सपोर्टेशनमध्ये हलवतो. एका ईमेलने. मी उगाच भांडायच्या तयारीत होते.

मग नवऱ्याला घेऊन मोजायला गेले. मोजणीचं चाक शेजाऱ्याकडून आणलं, तो बागेची कुंपणं घालतो. वळणापासून फाटकापर्यंत ६४० फूट. पावसात एकदा, उन्हात एकदा, दोनदा मोजलं.

काल बोलले. रस्त्याचं नाव, ६४० फूट, सकाळी पावणेआठ, टॉर्च. टॅक्सबद्दल एक अक्षर नाही. शेवटी एवढंच म्हटलं की सतराव्या मुद्द्यात ही जागा नावानिशी लिहा आणि शहर किती घालणार तो आकडा घाला. दोन मिनिटं वीस सेकंद. एका कौन्सिल मेंबरने लगेच स्टाफला विचारलं, खर्च किती? इंजिनीअर उठून म्हणाले की डिझाइनच झालेलं नाही, त्यामुळे आकडा सांगता येत नाही. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही किंमत माहीत नसलेली वस्तू मागत होतो.

आता सुधारित मसुद्यात मुद्दा सहाव्या नंबरला आलाय, रस्त्याच्या नावासह, पण मागणी बांधकामाची नाही, डिझाइनच्या पैशाची. शहर अर्धा खर्च घालणार असं कंसात लिहिलंय. लेकीने विचारलं, मग फूटपाथ कधी? म्हटलं, तू मिडल स्कूलला जाशील तेव्हा बहुतेक.

अंतिम मतदान पुढच्या मंगळवारी. जुनीफाइल, डिझाइनचा आकडा किती ठेवतात हे बघायला कुठला कागद मागू?

जुनीफाइल:

सीआयपी मागा, म्हणजे सहा वर्षांचा कॅपिटल आराखडा. तुमच्या रस्त्याचं नाव त्यात नसेल, तर यादीपेक्षा आधी तिथे घालून घ्या.