शिवणकाम शिकायचे आहे : दमट हवेत सुरुवातीला कोणते साहित्य घ्यावे?

मी वेंगुर्ल्यात राहते. चतुर्थीपर्यंत गणपतीच्या आराशीमागचा पडदा आणि स्वतःपुरते परकर शिवता यावेत, एवढीच सध्या अपेक्षा आहे. सासूबाईंचे जुने पायमशीन घरात आहे. त्याचे चाक फिरते, परंतु चामड्याचा पट्टा सैल झाला आहे आणि लोखंडी भागांवर थोडा गंज दिसतो. यजमानांच्या मते विजेवर चालणारे नवीन मशीन घ्यावे, पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाण्याचाच काय तो भरवसा असतो, त्यामुळे जुनेच दुरुस्त करावे असे मला वाटते. हा विचार योग्य आहे का? दुकानात रंगीबेरंगी रिळांचे तयार डबे मिळतात, ते घ्यावेत की साहित्य सुटे घ्यावे? तसेच सुया आणि कात्री गंजू नयेत म्हणून आपण काय करता, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, पायमशीनच ठेवा. त्याचा वेग पायाच्या ताब्यात राहतो आणि नवशिक्या हाताला तेच सोयीचे पडते. तयार डब्यातील दोरा बहुधा कच्चा असतो आणि सारखा तुटतो. त्याऐवजी पांढरे, काळे आणि कापडाच्या रंगाचे अशी चांगली रिळे सुटी घ्यावीत. त्याखेरीज कापडासाठीच राखून ठेवलेली मोठी कात्री, ६० इंची टेप, खडू, टाचण्या, टीप उसवायचे साधन आणि चार-पाच जादा बॉबिन (खालचा दोरा गुंडाळायच्या छोट्या फिरक्या) एवढे पुरते.

सुईकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पॉपलिनच्या परकराला १४ नंबरची, वॉयलसारख्या तलम कापडाला ११ नंबरची आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १६ नंबरची सुई लागते. बोथट किंवा गंजलेली सुई टाके चुकवते, कापडाचे धागे ओढते आणि पांढऱ्या कापडावर डागही पाडते. पुष्कळदा मशीन बिघडले म्हणून कारागिराला बोलावले जाते आणि दोष निघतो सुईचा. सुया घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवाव्यात आणि कात्रीच्या पात्यांवर मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल मशीनमध्ये घालण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. ते थंडीत थिजते आणि एरवीही चिकट थर धरून चाक जड करते, म्हणून मशीनचेच तेल वापरावे आणि तेल दिल्यावर चिंधीवर थोडी टीप मारून जादा तेल टिपून घ्यावे.

पडद्यापासून सुरुवात करणे उत्तम, कारण त्याला सरळ टिपाच माराव्या लागतात. परकराचे सुती कापड मात्र कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून आटवून घ्यावे. पट्टा बदलण्याची घाई करू नये. सैल पट्ट्याचा थोडा तुकडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडला की तो बहुधा कामाला लागतो.