१ मे २०२७ च्या आधी बंदूक घ्यावी का?

प्रेषक: बॉथेलकर
विषय: रायफल अडकली आहे, आणि नवा परमिट

नमस्कार मंडळी,

बंदुकीचा विषय काढतोय, म्हणून आधीच हात जोडतो. पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या चिरंजीवांना रायफलीने झपाटलंय. एअर रायफल झाली, आता क्लबातले कोच म्हणतात पॉइंट टू-टूवर या, म्हणजे खऱ्या गोळीच्या .२२ रायफलीवर. म्हणून माझ्या नावावर साधी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची) रायफल घ्यायला दुकानात गेलो. सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट दाखवलं, ४४७३ नंबरचा फेडरल खरेदी फॉर्म भरला, तपासणीचे १८ डॉलर दिले. कामकाजाचे दहा दिवस थांबायचं म्हणाले, थांबलो. ते दहा दिवस कधीच उलटून गेले. दुकानदाराच्या स्क्रीनवर अजून 'डिलेड'. का, ते त्यालाही दिसत नाही. किती दिवस, तेही नाही. माझ्या नावावर साधं स्पीडिंगचं तिकीटसुद्धा नाही हो!

त्यात तिथल्याच एका गिऱ्हाइकाने सांगितलं की आपल्या वॉशिंग्टन राज्यात १ मे २०२७ पासून आधी परमिट, मग खरेदी. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. तर हा सौदा सोडून द्यावा आणि परमिट सुरू झाल्यावर बघावं, की चिकटून राहावं? रेंटनकर काका, यातलं तुम्हालाच कळतं, म्हणून थेट तुम्हाला विचारतोय.

प्रेषक: बेलव्ह्यूकर

काका लिहितीलच, त्याआधी एक सूचना, कारण ही ईमेल-यादी नवीन आलेली मुलंही वाचतात. एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर हा सगळा धागा तुमच्यासाठी नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्याची वगैरे सवलत आहे, पण अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांसाठी आपल्या राज्याचे नियम त्यावर आणखी वेगळे. "मित्राने रेंजवर हातात दिली, मी फक्त फोटो काढला" हेही वकिलाला विचारूनच करा. एका फोटोपायी स्टेटस घालवू नका.

प्रेषक: रेंटनकर

बॉथेलकर,

चिकटून राहा. एकदा सोडलंस की पुन्हा पहिल्यापासून रांग.

तुझं का अडलं असेल याचा अंदाज सांगतो. तू ग्रीन कार्डवाला, म्हणजे फॉर्मात ए-नंबर (इमिग्रेशनचा ओळख क्रमांक) टाकला असशील. नागरिक नसलेल्याच्या तपासणीत इमिग्रेशनच्या नोंदीही चाळतात. आणि आपली नावं तुला माहीत आहेतच: पासपोर्टावर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, ड्रायव्हिंग लायसन्सवर वडील मिडल नेममध्ये, ग्रीन कार्डावर तिसराच प्रकार. तिन्ही कागद काढ आणि फॉर्मावर जे लिहिलंस त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. शिवाय एफबीआयकडे 'व्हॉलंटरी अपील फाइल' नावाची सोय आहे. ठसे आणि कागद पाठवायचे, मान्य झालं की एक यूपिन नंबर मिळतो, तो पुढच्या खरेदीला फॉर्मात टाकायचा. आजचा डिले त्याने सुटणार नाही, पण पुढच्या वेळी तुझ्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या कुणाशी तुझी गफलत व्हायची नाही.

आता मनातलं. मी इथे गेली कित्येक वर्षं हरणाच्या आणि एल्कच्या शिकारीला जातो. २०१४ साली आय-५९४ हे जनतेने मांडलेलं कायद्याचं कलम मतदानाला आलं, खाजगी विक्रीलाही तपासणी हवी म्हणून, तेव्हा मी त्याच्या बाजूने मत दिलं. माझे शिकारी मित्र त्यावरून अजून टोमणे मारतात. त्या डिसेंबरात ऑलिंपियाला विधानभवनासमोर मंडळी एकमेकांच्या हातात बंदुका देऊन कायदा मोडून दाखवत होती. मला तो पोरकटपणा वाटला, मी गेलो नाही. २०१८ ला आय-१६३९ आलं. सेमी-ऑटो रायफलीला २१ वर्षांची अट, आणि बंदूक कुलुपात न ठेवता पोराच्या हाती लागली तर मालक जबाबदार. कबूल. माझी तिजोरी त्याच्या आधीपासून आहे.

मग सुरू झाली खैरात. जुलै २०२२ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री बंद. एप्रिल २०२३ मध्ये ज्यांना 'असॉल्ट वेपन' म्हणतात त्यांची विक्री बंद. मॅगझिनचा खटला खालच्या कोर्टात जिंकला आणि मे २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात ७ विरुद्ध २ ने हरला. १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण सगळ्यांना, दहा दिवस सगळ्यांना, आणि तपासणी स्टेट पेट्रोलकडे, म्हणजे राज्य पोलिसांकडे. आधी आमच्यासारख्या कन्सील्ड पिस्तूल लायसन्सवाल्यांना (पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना) ठसे एकदा देऊन झाले म्हणून थांबावं लागत नसे, तेही गेलं. दुकानदारांवर कॅमेरे, अलार्म, विमा यांच्या अटी वेगळ्या. छोटा दुकानदार म्हणतो, आता हे मला झेपत नाही, रिटायर होतो.

पण खरा कळस नोव्हेंबर २०२४ चा. राज्याच्या कोर्टांच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी घुसलं म्हणून त्यांनी सगळी यंत्रणा बंद केली. तपासणीत कोर्टाच्या नोंदी बघणं सक्तीचं, आणि नोंदी दिसेनात, म्हणून राज्यभर बंदुकांचा ताबा थांबला. पैसे भरलेत, दहा दिवस झालेत, माणूस स्वच्छ आहे, माल काउंटरमागे टॅग लावून उभा आहे, आणि दुकानदार द्यायला धजत नाही. फेडरल कायद्यात कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. आपल्या राज्याने ती पळवाट बुजवली. बुजवा की! पण मग उत्तर द्यायची मुदत तुम्हीच स्वतःवर घालून घ्या. थांबायला माझी ना नाही. मुदत मोडली तर खातं कुणाला जाब देणार, एवढंच माझं विचारणं आहे.

प्रेषक: समामिशकर

काका, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सरळ लिहिते.

त्या 'तीन दिवसांच्या' सवलतीचं काय झालं ते चार्ल्स्टनने पाहिलंय. २०१५ मध्ये चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्या पोराची तपासणी लटकली होती. तीन दिवस उलटले आणि त्याला पिस्तूल मिळालं. नंतर कळलं की अमली पदार्थांच्या प्रकरणाची नोंद वेळेत सापडली असती तर मिळालंच नसतं.

आणि लांब कशाला जायचं. मेरीसव्हिल आपल्यापासून किती दूर आहे? ऑक्टोबर २०१४, हायस्कूलचं कॅफेटेरिया, चार मुलं गेली. ते पिस्तूल मुलाच्या वडिलांनी दुकानातून रीतसर फॉर्म भरून घेतलं होतं. त्यांच्याविरुद्ध ट्रायबल कोर्टाचा (मूळनिवासी जमातीच्या स्वतःच्या कोर्टाचा) संरक्षण आदेश होता, तो फेडरल यंत्रणेत कधी पोचलाच नव्हता. तपासणी 'पास'. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आज हायस्कूलला आहे. लॉकडाउन ड्रिलच्या दिवशी ती घरी येऊन जेवत नाही. तुमच्या शिकारीचा हंगाम हुकला तर वाईट वाटतं, पण त्या तराजूत मी ते तोलू शकत नाही.

अजून एक. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे आम्ही 'आजची रात्र जाऊ दे' एवढ्यासाठी झगडतो. ते दहा दिवस बॉथेलकरांसाठी नाहीतच.

आणि खरं सांगू? ग्रीन कार्डासाठी आपण सगळे दहा-दहा, बारा-बारा वर्षं थांबलोय. तेव्हा कुणी इतका आरडाओरडा केला नाही.

प्रेषक: रेंटनकर

ताई, केला होता. तुम्ही तेव्हा यादीवर नव्हता. जुने मेल काढून बघा, दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी पत्रक) आलं की कसा शिमगा व्हायचा.

बुलेटिनचंच बोलतो. आपण बारा वर्षं थांबलो, पण हातात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, होती. ईबी-२ इंडिया, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग, कुठवर आलं, पुढे सरकलं की मागे गेलं, जगाला दिसत होतं. शिव्या घालायला तरी एक तारीख होती. बॉथेलकरला काय दिसतंय? एक शब्द. त्याला ना केस नंबरवर स्थिती कळते, ना कागद कमी आहे की नाही ते कळतं. 'डिनाइड' आलं असतं तर अपील करता आलं असतं. 'डिलेड'वर अपील कशाचं करणार?

मेरीसव्हिलबद्दल तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटतं, पण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या माणसाला दहा दिवस सोडा, दहा महिने थांबवलं असतं तरी उत्तर 'पास'च आलं असतं, कारण नोंदच नव्हती. तिथे चूक कारकुनीची होती. वाट बघायला लावणं ही तपासणी नव्हे. राज्याने नव्या परमिटवर जेवढा खर्च आणि माणसं लावायची ठरवलीत, त्यातली अर्धी कोर्टांच्या नोंदी नीट भरायला लावली तर मी दारोदार जाऊन प्रचार करीन.

आत्महत्येचा मुद्दा मात्र मी खोडत नाही. तो ज्याच्याकडे एकही बंदूक नाही त्याला लागू आहे. माझ्या तिजोरीत आधीच चार आहेत. पाचवीला मला थांबवून कुणाचा जीव वाचतो?

प्रेषक: कर्कलंडकर

वाद वाचून मजा येतेय. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची. रानडुकरं आणि केलडी (माकडं) नारळाचं काय करतात ते ज्याच्या वाडीत येतात त्यालाच माहीत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बाबा ती बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे. खांद्याला बंदूक, पिशवीत परवाना, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा. पावती मिळायची ती देव्हाऱ्यामागच्या फळीवर. मतमोजणी झाली की परत आणायची. नूतनीकरणाला कचेरीत किती खेपा व्हायच्या ते विचारू नका, पण काका म्हणतात तसं, कुठल्या टेबलावर कागद अडलाय हे शिपाईसुद्धा सांगायचा. टेबल माहीत असलं की निम्मं काम झालं.

गंमत म्हणजे तीच ठासणीची बंदूक इथल्या फेडरल व्याख्येत 'फायरआर्म' ठरतच नाही, ती ॲंटिक. डुकराला हे कुणीतरी सांगा.

प्रेषक: यादी समन्वयक

मंडळी, दोन गोष्टी.

एक: भाषा आतापर्यंत सभ्य आहे, तशीच राहू द्या. कुठल्या पक्षाला मत द्यावं यावर गाडी गेली की धागा बंद करणार.

दोन: हा धागा वाचून कार्यकारिणीकडे विचारणा आली आहे की खंडेनवमीच्या शस्त्रपूजनाला खरी बंदूक आणली तर चालेल का. नाही चालणार. हॉल शाळेचा आहे, आणि शाळेच्या आवारात बंदूक आणण्यावर राज्यात बंदी आहे. लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हर, सुरी-विळी, तबला काय हवं ते आणा. मागच्या वर्षी एकांनी लॉन-मोवर आणला होता, त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

प्रेषक: बॉथेलकर

काका, ताई, सगळ्यांचे आभार. कागद ताडून बघितले. ग्रीन कार्डावर वडिलांचं नाव माझ्या नावाला चिकटवून एकच शब्द केलाय, फॉर्मात मी सुटं लिहिलं होतं. कारण तेच असेल असं नाही, पण दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, असं खूप जणांचं होतं, मी कळवतो. कुणाला कळवणार ते सांगितलं नाही.

परमिटचं अजून नीट कळलं नाही. त्यात नेमकं काय काय लागणार आहे?

प्रेषक: रेंटनकर

कायद्यावर मे २०२५ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची सही झाली. बोटांचे ठसे, गेल्या पाच वर्षांतलं प्रशिक्षण, आणि आता त्यात प्रत्यक्ष गोळ्या झाडून दाखवणंही आलं, म्हणजे घरी बसून व्हिडिओ बघून भागणार नाही. परमिट पाच वर्षांचा, देणार स्टेट पेट्रोल. साध्या प्रकरणात ३० दिवसांत द्यावा असं लिहिलंय. रेंज किती, प्रशिक्षक किती आणि आयत्या वेळी गर्दी किती याचा विचार कर. तुझा मुलगा पुढे दुसरी रायफल मागणारच आहे, तर प्रशिक्षण आधीच उरकून ठेव.

ज्यांना पटत असेल त्यांच्यासाठी: जानेवारीत अधिवेशन सुरू होईल. आपापल्या आमदाराला मी एक पत्र लिहितोय. कायदा रद्द करा असं त्यात नाही. मागणी दोन ओळींची: तपासणीला सरासरी किती दिवस लागतात ते दर महिन्याला जाहीर करा, आणि अर्जदाराला आपल्या अर्जाची स्थिती व अडण्याचं कारण ऑनलाइन दिसू द्या. सही करायची असेल त्यांनी मला खाजगीत लिहा.

प्रेषक: समामिशकर

मी सही करीन. पण तिसरी ओळ घाला: उत्तर येईपर्यंत बंदूक द्यायची नाही, कितीही दिवस लागोत.

प्रेषक: रेंटनकर

'कितीही दिवस' काढा, मग घालतो.

प्रेषक: समामिशकर

नाही काढत.